गुरुवारची यादी

फळ्यावर काय लिहायचं, घोळ तिथूनच सुरू झाला.
रक्ततपासणी सव्वाआठ. ड्रेसिंग दहा.
खोली अकरा, दुपारी दोन.
दोनला काय, ते लिहायला हात उचलेना.
शेवटी एक गोल काढला. रिकामा.
जेवण वाटणाऱ्या पोरानं विचारलं, हे काय, उपास?
मी म्हटलं, हो.

गास्पेच्या टोकाला आमचं इस्पितळ, खाटा एकूण बावीस.
मार्चमध्ये आखातातला बर्फ रात्रभर कडाकडा मोडतो
आणि नव्या पेशंटना वाटतं, कुणी कपाट पाडलं.
अकरातल्या ओव्हिला कॉर्मियेला तसं वाटत नाही.
पन्नास वर्षं खेकडे काढले त्यानं या पाण्यातून.
बोटं अजून दोरखंडासारखी; बाकीचा माणूस
गादीत कुठे आहे ते चाचपून पाहावं लागतं.
दोन डॉक्टर, साक्षीदार, सही, पुन्हा तेच प्रश्न.
पाचव्यांदा तो म्हणाला, पोरी,
होडी विकली तेव्हासुद्धा इतकं कुणी विचारलं नव्हतं,
आणि तिच्यावर तर माझा जास्त जीव होता.

माझं काम ड्यूट्या लावण्याचं.
जिस्लेन म्हणाली, आंघोळ घालीन, दाढी करीन,
रात्रभर बस म्हण, बसेन.
सलाइनची सुई मात्र मी टोचणार नाही.
मी कारण विचारलं नाही. तिनंच विचारलं:
शीर मी शोधली आणि औषध दुसऱ्यानं सोडलं,
तर ते कुणाच्या खात्यावर?
परिपत्रक सतरा पानी आहे. मी दोनदा वाचलं.
त्यात खातं नाही.

यानिक लगेच हो म्हणाला.
चोवीस वर्षांचा, बूट अजून पांढरे.
होकार इतक्या पटकन आला की मी त्याला परत पाठवलं,
म्हटलं, घरी जा, जेव, झोप, मग सांग.
दुसऱ्या दिवशी पुन्हा हो म्हणाला,
पण या वेळी खुर्चीत बसून.
तेवढं मला पुरलं.

कॅन्टीनमध्ये टेबलं तीनच.
त्यामुळे दोघं समोरासमोर बसतात,
मीठ इकडून तिकडे जातं,
आणि बाकीचे आपापल्या सूपमध्ये पाहतात.

दोन वाजता.
खिडकी उघडा, म्हणाला, बाहेर उणे नऊ असताना.
मुलीनं त्याचे लोकरी मोजे सारखे केले.
अकरा मिनिटं.
एवढंच सांगते. उरलेलं त्यांचं आहे.

फाबिओलाला कुणी सांगितलंच नाही.
पावणेतीनला ती बादली ढकलत आत गेली,
गुणगुणत,
आणि मुलीनं वर पाहिलं.
संध्याकाळी तिनं मला जिन्यात गाठलं:
माझं मत नाही विचारलंत, चालेल.
वेळ तरी सांगायची.
फळ्यावर होती की, म्हटलं मी,
आणि म्हणता म्हणता मलाच तो गोल आठवला.

महिन्यानं वरून फॉर्म आला: कर्मचाऱ्यांच्या गरजा,
एक ते पाचमध्ये खूण करा.
मी समासात लिहिलं:
आतून कडी असलेली एक खोली.
ऐकायला माणूस, सल्ला नको.
दोन ते तीनमध्ये नऊ नंबरनं
चहा गार आहे म्हणून घंटा वाजवू नये.
हे शेवटचं खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

आणि ओडेटचं राहिलंच.
औषधं तळघरातून येतात; तिथे ती एकटी,
एक पेटी, एक जादाची पेटी,
दोनदा मोजते, मग सही घेते.
ओव्हिला तिला धक्क्यावर खेकडे द्यायचा, एक वरचा.
तिची मागणी एकच होती:
झालं की फोन कर, मला खाली काही ऐकू येत नाही.
मी केला, वीस मिनिटं उशिरा.
झालं, म्हटलं.
बरं, म्हणाली.
आणि कुणीच फोन ठेवला नाही.
तिच्याकडचा फ्रिज घुरघुरत होता.
थांबला.
मग पुन्हा सुरू झाला.